बटन बंद केल्यागत

माझ्या गॅरेजच्या भिंतीला एका खिळ्यावर एक टेस्ट लॅम्प लटकवलेला आहे. बारा व्होल्टचा पार्किंगचा बल्ब, त्याचा पितळी होल्डर, दोन वायरी, एका वायरीला चिमटा आणि दुसरीला टोकदार सळई. नव्या पोरांना तो खेळण्यातला वाटतो. त्यांच्या हातात स्कॅनर असतो, गाडीच्या डॅशबोर्डखाली लावला की पडद्यावर अक्षरं उमटतात. ह्या बल्बवर अक्षरं उमटत नाहीत. तो पेटतो, विझतो किंवा लुकलुकतो. पण ह्या तीन गोष्टी नीट बघायला मी एकदा उशीर केला, आणि त्या उशिराची किंमत मला नव्हे, दुसऱ्या एका माणसाला पडली.

ते वर्ष १९८४. मी एकोणीस वर्षांचा होतो. आमचं गाव पाटण खोऱ्यात, कोयनेच्या काठाला. घरची जमीन म्हणजे भाताच्या चार खाचरांचा तुकडा आणि वर डोंगराला लागून भुईमुगाची पट्टी. त्यावर सगळ्यांची पोटं भरणार नाहीत हे उघडच होतं, म्हणून वडिलांनी मला आयटीआयला घातलं. मोटार मेकॅनिकचा कोर्स पुरा करून मी कराडला चिपळूण रस्त्यावरच्या एका गॅरेजात लागलो. गॅरेजच्या मालकांना सगळे मिस्त्री म्हणत. चौथीपर्यंत शिकलेले, पण इंजिनाला कान लावून ते जे सांगत ते आमच्या पुस्तकात नव्हतं. मला मात्र तेव्हा पुस्तकाचाच भरवसा जास्त. आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, ओहम मोजणारा मीटर वापरता येत होता. डोकं जरा वर गेलेलंच होतं म्हणा ना.

तात्या माझे चुलत चुलते. कोयना धरणाचं काम चालू होतं तेव्हा ते पोरसवदा वयात प्रोजेक्टवर क्लीनर म्हणून लागले आणि तिथंच स्टिअरिंग शिकले. धरण झालं, १९६७ चा भूकंप झाला, प्रोजेक्टवरची माणसं पांगली. तात्या कराडला आले आणि गुळाच्या एका अडत व्यापाऱ्याकडं ड्रायव्हर म्हणून राहिले. शेठची पांढरी अँबॅसेडर होती. आठवड्याला एकदा चिपळूणला वसुलीची फेरी असायची. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास. तात्या पहाटे उठून गाडी पुसायचे. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या, आणि शेवटी काचेला पेपर. म्हातारी म्हणायची, "बायकुला येवढं जपलं असतं तर सोनं झालं असतं."

त्या वर्षी पाडव्याच्या आधी गाडीनं त्रास द्यायला सुरुवात केली. चिपळूणला जाताना काही नाही. येताना पोफळी मागं टाकून कुंभार्ली घाटाचा चढ लागला की तिसऱ्या-चौथ्या वळणाला गाडी बंद. बोनेट उघडून ठेवायचं, पेट्रोलच्या पाइपवर ओलं फडकं टाकायचं, बिडी ओढायची. वीस-पंचवीस मिनिटांनी सेल्फ मारला की गाडी सुरू, आणि मग कराडपर्यंत कधी नीट यायची, कधी हेळवाकच्या अलीकडं पुन्हा एकदा बसायची.

घाटात गाडी तापून बंद पडणं ही तेव्हा नवलाई नव्हती. उन्हाळ्यात पाइपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, वाफ पंपाला ओढता येत नाही, कार्बोरेटर कोरडा पडतो. ड्रायव्हर लोक त्याला 'एअर लॉक' म्हणत. ओलं फडकं टाकायचं, थांबायचं, की गाडी चालू. त्यामुळं सगळ्यांनी तेच धरलं. फडकं टाकल्यावर गाडी चालू होते म्हणजे दोष पेट्रोलचाच. आता कळतं, त्यात एक फसगत होती. वीस मिनिटं नुसतं थांबलं तरी ती चालू झालीच असती. फडक्याचा काही संबंध नव्हता. पण फडकं टाकल्याशिवाय कुणी थांबून बघितलंच नव्हतं.

तात्या गाडी घेऊन गॅरेजला आले तेव्हा मिस्त्री गावच्या जत्रेला गेले होते. गॅरेज माझ्यावर होतं. मला तर संधीच वाटली.

"काय होतंय तात्या?"

"अरं, घाटात बंद पडती. पर एक सांगतो, हबका मारत न्हाई, डचका देत न्हाई. बटन बंद केल्यागत एकदम जाती. चालती चालती गप."

हे वाक्य मी ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. मी तेव्हा बोनेटचा दांडा लावत होतो.

त्यांनी जे सांगितलं तेच निदान होतं, हे मला कळायला दोन महिने लागले. पेट्रोल कमी पडून बंद पडणारी गाडी आधी कुरकुरते. डचके देते, ॲक्सिलरेटर दाबला की मागं ओढते, जरा सावरते, पुन्हा डचके देते. कारण कार्बोरेटरात साठलेलं थोडंफार पेट्रोल हळूहळू संपतं. करंट तुटला तर असं होत नाही. एका क्षणी आहे, पुढच्या क्षणी नाही. घरातला दिवा बटन दाबल्यावर जसा जातो, तसं. पस्तीस-चाळीस वर्षं वयाच्या त्या माणसाला कॉइलचं नाव माहीत होतं, काम माहीत नव्हतं. पण काय घडतं ते त्यांनी नेमक्या शब्दांत सांगितलं होतं.

ज्यांनी जुनी पेट्रोल गाडी उघडून बघितलेली नाही त्यांच्यासाठी जरा सांगतो. बॅटरी असते बारा व्होल्टची. बारा व्होल्टनं प्लगच्या फटीत ठिणगी पडत नाही. त्याला दहा-वीस हजार व्होल्ट लागतात, आणि ते काम कॉइल करते. कॉइलच्या डब्यात दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, काही शे वेढ्यांची. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. जाड तारेतून बॅटरीचा करंट सोडायचा आणि एकदम तोडायचा. पाटाचं पाणी बांध घालून तुंबवावं आणि फावड्याच्या एका घावात बांध फोडावा, तसं ते. तुटण्याच्या त्या झटक्यात बारीक तारेत हजारो व्होल्ट तयार होतात. हा करंट जोडायचं-तोडायचं काम डिस्ट्रिब्यूटरमधले दोन चिमुकले पॉइंट करतात. चार सिलिंडरच्या इंजिनाचे मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील तर ते पॉइंट मिनिटाला सहा हजार वेळा उघडतात, मिटतात. पॉइंटला समांतर एक कंडेन्सर असतो, म्हणजे तोडताना ठिणगी पॉइंटवरच पडून ते जळू नयेत. स्विचपासून कॉइल, कॉइलपासून डिस्ट्रिब्यूटर, तिथून पॉइंट आणि पॉइंटमधून इंजिनाची बॉडी, म्हणजे अर्थ. असा तो सगळा वळसा. त्यात कुठंही तुटलं की गाडी गप.

मी त्या दिवशी सगळं पुस्तकाप्रमाणं केलं. मीटर लावून कॉइलची जाड गुंडाळी मोजली, तीन ओहमच्या आसपास, बरोबर. बारीक गुंडाळी मोजली, तीही बरोबर. पॉइंट कानशीनं साफ केले, फिलर घालून पंधरा थाउचा गॅप लावला. कंडेन्सर नवा टाकला. प्लग काढून ब्रशनं घासले. कॅपमधून मधली जाड वायर काढून इंजिनाजवळ धरली आणि सेल्फ मारायला सांगितला. टक् टक् टक् निळी ठिणगी. अर्धा तास गाडी जागेवर चालू ठेवली. चिपळूण रस्त्यानं पाच-सात किलोमीटर फिरवून आणली. काही नाही.

चांगल्या, गार, सपाटीवर उभ्या असलेल्या गाडीला मी विचारत होतो, तुला काय होतंय? ती म्हणत होती, काही नाही. आणि मी ते लिहून घेत होतो.

संध्याकाळी शेठ स्वतः आले. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात चावीचा जुडगा. म्हणाले, "काय निघालं?"

मी हात पुसत म्हणालो, "इलेक्ट्रिकल एकदम ओके आहे शेठ. कॉइल चांगली, पॉइंट चांगले. पेट्रोलचाच काहीतरी प्रॉब्लेम दिसतो."

शेठ थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आवाज बारीक केला. "रॉकेल?"

आता त्या दिवसांत हे सगळीकडं चालायचं. रेशनचं रॉकेल स्वस्त, पेट्रोल महाग. ड्रायव्हरनं दोन लिटर पेट्रोल काढायचं आणि दोन लिटर रॉकेल ओतायचं, हे किस्से स्टँडवर रोज ऐकायला मिळत. मी कार्बोरेटर उघडला होता तेव्हा मला रॉकेलचा वास आल्यासारखं वाटलं होतं. तो वास माझ्याच हाताचा होता. पार्ट धुवायला आम्ही रॉकेलच वापरायचो. पण तेव्हा तेवढं थांबून विचार करणं जमलं नाही. समोर मोठा माणूस उभा होता, माझं मत विचारत होता, आणि माझ्याकडं दुसरं उत्तर नव्हतं.

मी म्हणालो, "असू शकतं."

एवढंच. 'आहे' म्हणालो नाही. वर्षानुवर्षं मी स्वतःला हीच सवलत देत आलो, की मी 'आहे' म्हणालो नव्हतो. पण शेठला दोन शब्दांतला फरक मोजायचा नव्हता. त्यांना नाव हवं होतं, ते मिळालं. तात्या गॅरेजच्या दारात कठड्यावर बसून चहा पीत होते. त्यांना काही ऐकू गेलं नसावं.

पाडव्याच्या दोन दिवस आधी तात्यांना कामावरून काढलं. चावी काढून घेतली, हिशेब हातावर ठेवला. शेठ मोठ्यानं काही बोलले नाहीत म्हणे. पण कराडच्या टॅक्सी स्टँडवर बातमी पोचायला किती वेळ लागतो? आठ दिवसांत तात्यांना नाव पडलं, 'रॉकेल तात्या'. त्या नावाच्या माणसाला चावी कोण देणार? दोन-तीन ठिकाणी ते विचारून आले, मग गावाला निघून गेले. खाचरात राबू लागले. माझी आई म्हणाली, "तात्या आसं करंल आसं वाटत न्हाई रं." मी भाकरी खात होतो. मान वर केली नाही.

मे महिन्यात तीच अँबॅसेडर पुन्हा गॅरेजला आली. नवा ड्रायव्हर, तीच तक्रार. घाटात बंद. टाकी साफ करून झाली होती, पेट्रोल शेठ स्वतः उभं राहून भरायचे. ड्रायव्हर म्हणाला, "पाव्हणं, काय कळंना बगा. दिवा गेल्यागत जाती."

माझ्या पोटात काहीतरी हललं.

ह्या वेळी मिस्त्री होते. त्यांनी पाना खाली ठेवला. "आधी कुणी बगितली व्हती?"

"मी."

"काय काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. ओहमचे आकडेही सांगितले. मिस्त्री ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "आनि रॉकेल कुणी सांगितलं?"

मी काही बोललो नाही.

"आरं, रॉकेल घातलेली गाडी सकाळी उठत न्हाई. गार असताना त्रास देती, चढाला ठकठक करती. ही तर सकाळी अर्ध्या सेल्फात चालू हुती. येवढं तरी डोक्यात आणायचं." आवाज चढवला नाही त्यांनी. खिळ्यावरचा टेस्ट लॅम्प काढून माझ्या हातात दिला. "उद्या शेठसंगं जा चिपळूनला. बंद पडली की फडकं टाकायचं न्हाई. बिडी वडायची न्हाई. गरम हाय तवरच इचारायचं. गार झाली की ती बोलत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. मागं शेठ. जाताना गाडी पाण्यासारखी गेली. चिपळूणची कामं आटोपून दुपारी तीनला निघालो. ऊन असं, की डांबर चाकाला चिकटत होतं. पोफळी गेली, चढ सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. चौथ्याला गाडी गेली. डचका नाही, हबका नाही. बटन बंद केल्यागत. तात्यांचा शब्द माझ्या कानात त्यांच्याच आवाजात आला.

ड्रायव्हरनं चाकामागं दगड लावला आणि सवयीनं फडकं काढलं. मी म्हणालो, "थांबा. फडकं नको. चावी ऑन करा."

कॅपमधली मधली जाड वायर काढून इंजिनाजवळ धरली, सेल्फ मारायला लावला. ठिणगी नाही. एकसुद्धा नाही. म्हणजे पेट्रोलचा प्रश्न तिथंच मिटला. माझे हात थरथरत होते. गरम इंजिनाचा वाफारा तोंडावर येत होता, आणि ती निवायच्या आत मला पुढचं विचारायचं होतं.

जुन्या कॉइलवर दोन बारीक टर्मिनल असतात. एकावर 'एस-डब्ल्यू' कोरलेलं, म्हणजे स्विचकडून येणारं, दुसऱ्यावर 'सी-बी', म्हणजे पॉइंटकडं जाणारं. लॅम्पचा चिमटा बॉडीला लावून सळई स्विचच्या टर्मिनलला टेकवली. बल्ब पेटला. बॅटरी, स्विच, तिथपर्यंतची वायर सगळं ठीक. मग सळई सी-बीला टेकवली. बल्ब पेटला. म्हणजे कॉइलच्या आतून करंट पार होतोय. ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितला. इंजिन फिरलं, पण बल्ब पेटलेलाच राहिला. स्थिर.

तो लुकलुकायला हवा होता. पॉइंट मिटले की करंट सरळ अर्थला जातो, बल्ब विझतो. उघडले की पेटतो. इंजिन फिरतंय आणि बल्ब लुकलुकत नाही, ह्याचा अर्थ कॉइलपासून अर्थपर्यंतचा रस्ता कुठंतरी तुटलेला आहे. कॉइलमध्ये नाही. कॉइलच्या पुढं.

खात्री करायला सी-बीवरची बारीक वायर काढली आणि वायरीचा एक तुकडा घेऊन ते टर्मिनल बॉडीला टेकवून झटकन काढलं. जाड वायरीतून सट्कन निळी ठिणगी पडली. कॉइल ठणठणीत. वायर परत लावली, डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढली, पॉइंट मिटतील अशा बेतानं इंजिन फिरवून घेतलं. पॉइंट मिटलेले, स्वच्छ. तरीही बल्ब पेटलेलाच.

आता राहिली एकच जागा. डिस्ट्रिब्यूटरच्या आत, बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत, बोटाच्या पेराएवढी एक मऊ वायर असते. पॉइंट ज्या प्लेटवर बसवलेले असतात ती प्लेट थोडी फिरती असते. इंजिनाच्या ओढीप्रमाणं व्हॅक्यूमची डबी तिला मागं-पुढं सरकवते, म्हणजे ठिणगी वेळेवर पडावी. घाटात प्रत्येक वळणाला ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवर वर-खाली होतो, तशी प्लेट हलते, आणि प्लेटबरोबर ही वायर वाकते. वर्षानुवर्षं वाकते.

मी आगकाडी घेतली आणि काडीनं ती वायर हळूच दाबली. बल्ब विझला. काडी काढली. पेटला. पुन्हा दाबली. विझला.

वायरीचं वरचं रबर अगदी धड होतं. चीर नाही, काळं पडलेलं नाही. दोन्ही टोकं धरून हलकी ओढली तर ती रबरासारखी लांबली. आत तांबं असतं तर लांबली नसती. तांबं आतल्या आत तुटलेलं होतं. गार असताना कडक रबर दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून धरायचं. इंजिन तापलं की रबर मऊ व्हायचं आणि टोकं सुटायची. थांबलं की रबर पुन्हा आवळायचं. वीस मिनिटांत. फडकं असो वा नसो.

शेठ केव्हा गाडीतून उतरून शेजारी येऊन उभे राहिले, मला कळलं नव्हतं. त्यांनी सगळं बघितलं होतं.

"म्हणजे रॉकेल नव्हतं?"

"नव्हतं शेठ."

ते दरीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तू म्हणाला होतास."

"मी म्हणालो होतो, असू शकतं."

बोललो आणि माझी मलाच शरम वाटली. शेठनी फक्त माझ्याकडं बघितलं. काय बोलणार ते तरी.

टेस्ट लॅम्पचीच वायर बोटभर कापून मी तिथं जोडली. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. घाट चढून हेळवाकला चहाला थांबलो, पण चहा कुणालाच गोड लागला नाही. तुटलेली वायर मी कागदात गुंडाळून खिशात ठेवली होती.

रविवारी गावाला गेलो. तात्या खाचराचा बांध घालत होते. पावसाच्या आधीची कामं. मी बांधावर बसलो आणि सगळं सांगितलं. शेठनी काय विचारलं, मी काय म्हणालो, तेही. कागद उलगडून वायर त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी चिखलाचे हात धोतराला पुसले. वायर उलटीसुलटी करून बघितली. मी सांगितलं तशी ओढून बघितली. ती लांबली.

"वरनं तर चांगली हाय की," ते म्हणाले.

"हो."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटत होतं, शिवी द्यावी, एक मुस्काटात ठेवून द्यावी. ते सोपं गेलं असतं.

"मी तुला सांगितलं व्हतं," शेवटी ते म्हणाले. "बटन बंद केल्यागत जाती म्हनून."

"हो तात्या. तेच खरं होतं."

"मग इचारायचं तरी मला. रॉकेल घातलंस का म्हनून. मी बाहीरच बसलो व्हतो."

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

शेठनी निरोप दिला होता की परत या. मी तो सांगितला. तात्यांनी मान हलवली. "न्हाई जायाचा. पर तू एक कर. स्टँडवर जा. थितं जे जे बसत्यात त्यांच्यापुढं सांग. जे मला सांगितलंस तेच सांग."

मी गेलो. सोमवारी सकाळी कराडच्या टॅक्सी स्टँडवर, आठ-दहा ड्रायव्हर चहा पीत उभे असताना, ती वायर हातात धरून सगळं सांगितलं. चूक माझी होती हेही सांगितलं. दोघा-तिघांनी वायर ओढून बघितली. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "बरं झालं सांगितलंस पोरा." आणि एक जण चहाचा ग्लास ठेवत म्हणाला, "म्हंजे आमचा रॉकेल तात्या साव निघाला म्हनायचा!" सगळे हसले. त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण नाव तसंच राहिलं. वायर बदलता येते, नाव पडलेलं बदलत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

पावसाळ्यानंतर तात्यांना दुधाच्या टेम्पोवर काम मिळालं. पहाटे खोऱ्यातली गावं घ्यायची आणि कॅन कराडला पोचवायचे. गॅरेजवरून जाताना ते हॉर्न वाजवत. एकदा टायर दाखवायला थांबले, तर मी बोनेटकडं हात केला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. डिझेल हाय. हिला कॉइल न्हाई नि पाइंट न्हाई. तुझं काय काम न्हाई हितं." आणि हसले. त्या वर्षात त्यांना माझ्यासमोर हसताना मी पहिल्यांदा बघितलं. त्या हसण्यानं मला किती हलकं वाटलं, ते त्यांना ठाऊक असावं. म्हणूनच थांबले असावेत.

आता माझं स्वतःचं गॅरेज आहे. पॉइंट, कंडेन्सर गेले. डिस्ट्रिब्यूटरही गेला. आताच्या गाडीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर वेगळी कॉइल बसते आणि तिला जोडायचं-तोडायचं काम कॉम्प्युटर करतो. पोरं स्कॅनर लावतात. 'पी ०३५१' असा कोड आला की ओरडतात, "पहिल्या सिलिंडरची कॉइल गेली." मी म्हणतो, कोड नीट वाच. तिथं कॉइलच्या सर्किटमध्ये बिघाड असं म्हटलंय, कॉइल गेली असं म्हटलेलं नाही. सर्किट म्हणजे कॉइल, तिचा सॉकेट, त्यातली पिन, वायर, अर्थ, पार कॉम्प्युटरपर्यंतचा सगळा रस्ता. पहिली कॉइल काढून दुसऱ्या सिलिंडरवर लाव. बिघाड तिच्याबरोबर गेला तर कॉइल वाईट. जागेवरच राहिला तर वायर बघ, पिन बघ. उंदरानं कुरतडलीय का बघ, आणि वरून धड दिसली तरी ओढून बघ. गाडी गरम असताना बघ.

पण ह्या सगळ्याच्या आधी एक काम असतं. गाडी घेऊन जो आलाय, मालक असो की पगारी ड्रायव्हर, त्याला आधी खुर्ची द्यायची, चहा सांगायचा आणि विचारायचं, "बंद पडताना कशी पडली?" मग हातातला पाना खाली ठेवून, बोनेटचा दांडा न लावता, तो काय म्हणतो ते ऐकायचं.

तात्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती वायर त्यांनी त्या दिवशी मला परत दिली नव्हती. कमरेच्या चंचीत ठेवली होती, पान-तंबाखूच्या शेजारी.